जंत नव्हे, सूत्रकृमी

...आणि वर गावाकडनं फोन करून विचारतात, "बिभीषण, जंताचं औषध किती पाजायचं रं?" आता तुम्हीच सांगा, मी काय ढोरांचा डॉक्टर हाय? जंत नव्हे हो, सूत्रकृमी! मिलिमीटरभर लांब, काचेसारखा आरपार, मेंढराच्या पोटात नव्हे, आमच्या प्रयोगशाळेतल्या बशीत राहतो, आणि मी त्याच्या गर्भातलं एक जनुक बघतो, एकच, किती वर्षं झाली ते विचारू नका... तुम्हाला सांगतो, पेशीच्या आत केंद्रक असतं, त्याला दारं असतात, आत कोण जाणार, बाहेर कोण येणार, यात त्या जनुकाचा हात. आमच्या गारखेड्यातल्या सोसायटीचा वॉचमनच समजा, फक्त हा टँकरवाल्याशी भांडत नाय. ते जनुक बंद केलं की लागणारा माल आत पोचत नाय, आणि एका पेशीच्या दोन व्हायच्या, त्या होतच नाय. बसते एकटी. मी पण बसतो, मायक्रोस्कोपला डोळा लावून.

हे सगळं मी गावी, कन्नडला जाऊन आप्पांना समजावलं. आप्पा म्हणजे आमचे वडील, जन्म गेला मेंढरांमागं. नीट ऐकून घेतलं आणि गावभर सांगितलं, "पोरगं औरंगाबादला जंताचं शिकतंय." मग काय, आप्पांचे फोनवर फोन... सांडूकाकाचं मेंढरू खात नाय, गीताबाईची शेळी पातळ हगते, आणि एकदा तर आप्पांनी कन्नडच्या एसटीत कंडक्टरच्या हाती डबा धाडला, आत लेंड्या, तपासायला! आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम नाकाला पदर लावून विचारतात, "बिभीषण, हा काय प्रकार आहे?" काय सांगू?

एक दिवस डोकंच फिरलं. म्हणलं, "आप्पा, जंत नव्हे, सूत्रकृमी. मला मेंढरांतलं काय बी कळत नाय. त्यासाठी फोन करू नका."

"बरं," म्हणाले.

झालं, फोनच बंद. पाऊस दगा देऊन गेला, टँकर वाढले, समोर दोन टॉवर उभे राहिले, खिडकी-खिडकीत दिवे, आणि त्यात मला नावानं हाक मारणारं एक माणूस नाय हो. लई एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू...

शेवटी काल मीच फोन लावला. म्हणलं, "आप्पा, मेंढरांना जंत झालेत का?"

"मेंढरं कुठं राहिली? चारा नाय, पाणी नाय. इकून टाकली." मग म्हणाले, "तुला झालेत का रं? आवाज लई बारीक येतोय."

आता त्यांना काय सूत्रकृमी सांगत बसू? म्हणलं, "व्हय आप्पा, लई झालेत. औषध घेऊन या."