आकडे घासलेले आयसी

श्रीपाद : ...तीनदा फिरवली मामा, किल्ली लागतच नाहीये. शेवटी दार वाजवलं.

गुलाबराव : लागणार कशी? कुलूप बदललंय.

श्रीपाद : मला न सांगता? इन्व्हर्टरचं डिझाइन माझं, पैसा तुमचा, शेड दोघांचं, असं ठरलं होतं ना?

गुलाबराव : आत ये. बस. आधी ऐक, त्या तैवानच्या ऑर्डरवर मी सही करणार नाही. प्लॉट गहाण टाकून स्वतःची चिप, स्वतःचा आयसी बनवून घ्यायचा? बिल्कुल नाही.

कौशल्या : अहो, पोरगा उन्हातून मानेसरपर्यंत आलाय. पाणी तरी पिऊ दे.

श्रीपाद : राहू दे मामी. मामा, आज आपण बाजारातले तयार आयसी लावतो. एकेक नग महाग पडतो, आणि तेच आयसी आणून कुणीही आपली नक्कल करतं. आपल्यापुरता आयसी बनवून घेतला, तर साच्याचा खर्च एकदाच. पुढे नग चण्याफुटाण्याच्या भावात, आणि दुसऱ्या कुणाला मिळणारच नाही.

गुलाबराव : आणि एकदम पन्नास हजार घ्यावे लागतात, ते? आपण महिन्याला दोनशे इन्व्हर्टर विकतो. तो ढीग संपेपर्यंत मी वर पोचलेला असेन. साच्यात एक चूक निघाली, की साचाही गेला आणि प्लॉटही.

श्रीपाद : गुडगावचे नवे सेक्टर बघा ना! बिल्डर स्विमिंग पूल देतोय, वीज कुणी देत नाही. विक्री वाढणारच.

गुलाबराव : तो चिपवाला एजंट तुला किती देतो?

श्रीपाद : मामा!

गुलाबराव : त्याच्या गाडीतून उतरताना बघितलंय मी तुला. आणि आपल्या आयसीवरचे आकडे तुझी मामी पॉलिश पेपरने घासते, कुठला आयसी आहे ते कुणाला कळू नये म्हणून. ते आकडे आपल्या तिघांनाच ठाऊक. मग नक्कल निघाली कशी? आधी बाहेर आकडे फोडायचे, मग मला घाबरवून नवा आयसी गळ्यात मारायचा! मी काही दूधखुळा नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ठेवू?

कौशल्या : अहो, बहिणीचा मुलगा आहे तो!

श्रीपाद : बोलू दे त्यांना. हे खोकं बघा. ती नक्कलच विकत आणलीय. अजून उघडलेली नाही, तुमच्यासमोरच उघडतो. मामी, पेचकस द्या.

कौशल्या : घे. ... अगं बाई! ही तर आपली पिशवी!

श्रीपाद : कसली पिशवी? झाकणाला आतून चिकटवलीय... आत एक आयसी आहे. आकडे न घासलेला. आपल्या मालात असं काही नसतं.

कौशल्या : असतं रे. तू गेल्यावर पॅकिंगच्या वेळी तुझे मामा लावतात. मीच शिवते, निळ्या दोऱ्याने. कोपऱ्यात दोन उलटे टाके. मेल्यांनी माझे टाकेसुद्धा उचलले!

श्रीपाद : मामा?

(गुलाबराव पिशवी हातात घेऊन कोपऱ्यातले टाके बघतात.)

गुलाबराव : फौजेत प्रत्येक वायरलेस सेटच्या झाकणाखाली स्पेअर असायचा. लेहला एका बारक्या पार्टपायी आमचा सेट मुका झाला, आणि बर्फात अडकलेली आमची पोरं हाका मारत राहिली. तेव्हापासून स्पेअर ठेवल्याशिवाय मी झाकण लावत नाही.

श्रीपाद : पण न घासलेला?

गुलाबराव : घासलेला, ओरखडलेला माल स्पेअर म्हणून द्यायचा? शोभतं का ते?

कौशल्या : मी विचारलं होतं, एक घासायचा आणि एक तसाच पिशवीत, असं का. तर म्हणाले, ऑर्डर इज ऑर्डर.

श्रीपाद : म्हणजे दर खोक्यातून नमुना आपणच पाठवत होतो. मग प्लॉट गहाण नको, मामा. तयार आयसींतलेच दुसरे लावून डिझाइन फिरवतो. पिशवी तेवढी बंद करा.

गुलाबराव : लेका, चुकलं माझं. फार चुकलं. पण मग ती गाडी...

श्रीपाद : स्कूटर बंद पडली होती. त्याने घरापर्यंत सोडलं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

गुलाबराव : ही घे. नव्या कुलपाची.

श्रीपाद : असू दे तुमच्याकडेच. मी येईन तेव्हा दार वाजवत जाईन.