बगळ्यांच्या कोचला सतरा जेवणं

नाही, आधी बस. उभ्या उभ्या काही सांगायचं नाही — ती खुर्ची ओढ, नीनाची आहे, ती काही म्हणत नाही, म्हणजे म्हणते, पण नंतर ग्रुपवर म्हणते. बस रे सत्यजित. तू काय सांगायला आलायस ते मला माहितीय. आज ईशानला टीमबाहेर बसवणार आहेस. तू ग्राउंडच्या पलीकडून टोपी हातात घेऊन चालत निघालास ना, तेव्हाच कळलं मला — कोच माणूस टोपी काढून कोणाच्या आईकडे येतो तो काही पेढे द्यायला येत नाही. पण आधी मी बोलणार. सिनसिनाटीवाले आत्ता कुठे गाड्यांमधून उतरतायत, मॅचला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात माझं बोलून होईल. एरवी होत नाही, पण आज होईल.

तू यायच्या आधी इथे काय होतं, तुला कोणी नीट सांगितलंय का? नसेल सांगितलं. तुझ्या आधीचे कोच दातांचे डॉक्टर होते, ॲडलेडचे. भला माणूस. आम्ही नव्वद पॉइंटनी हरलो तरी येऊन म्हणायचे, गुड एफर्ट. चार वर्षं आम्ही नुसता गुड एफर्ट करत होतो. नाव डब्लिन हेरन्स — आयर्लंडचं नव्हे, आपलं अमेरिकेतलं डब्लिन — आणि ग्राउंड पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, कारण डब्लिनमधली सगळी ग्राउंडं सॉकरवाल्यांनी धरून ठेवलीत. हेरन म्हणजे बगळा. आम्ही आपले बगळेच म्हणतो — आणि खेळायचेही तसेच, चेंडू बाजूने जायचा आणि हे एका पायावर उभे. अठरा माणसं लागतात या फुटीला, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलला, आमची भरायची तेरा. एकदा उल्हासला उतरवलं होतं. उल्हास. तो बघ, पांढरा कोट घालून खांबांपाशी झेंडे घेऊन उभा आहे, एकसष्ट वर्षांचा माणूस! दहा मिनिटं पळाला आणि मग गुडघा धरून बसला, तेव्हापासून त्याला गोल अंपायर केलंय. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला की गोल, दोन झेंडे हलवायचे, बाजूच्या फटीतून गेला की एक. दोन झेंडे हलवायची वेळ यायचीच नाही बिचाऱ्यावर, म्हणून एकच इतका जोरात हलवायचा की पलीकडच्या लोकांना वाटायचं विमान उतरवतोय.

आणि मग बातमी आली की नवा हेड कोच येतोय. मेलबर्नला वाढलेला, तिथे खरोखरचं फुटी खेळलेला, आणि आई सांगलीची. सांगलीची म्हटल्यावर ग्रुप वेडा झाला रे. एका दिवसात एकशे चाळीस मेसेज. उल्हासने लिहिलं, आता ऑक्टोबरला नॅशनल्स आपल्याच. नीनाने लिहिलं, आता तरी तिच्या ऋषीला मधल्या फळीत घेतील, त्याचा डावा पाय किती चांगला आहे ते आधीच्या कोचला कळलंच नाही — दोन्ही पाय सारखेच आहेत त्याचे, मी बघितलेत, पण असो. एकीने लिहिलं, मंडळाच्या गणपतीला आरतीचा मान त्यालाच द्यायचा. एकीची पार्सिपनीला भाची आहे, ती एमबीए झालीय, तिचा फोटोही टाकला ग्रुपवर, मग काढला. तू अजून विमानातून उतरला पण नव्हतास. आणि हे सगळं एका सीझनमध्ये व्हायला हवं होतं बरं का, कारण पुढच्या वर्षी कोणाचा व्हिसा असेल, कोणाचा नसेल.

मग जेवणं सुरू झाली. तुला वाटलं असेल, काय प्रेमळ माणसं आहेत ही. प्रेमळ आहेतच, मी नाही म्हणत नाही. पण सतरा घरांनी तुला जेवायला बोलावलं, पाळी लावून, नीनाने एक्सेलमध्ये तक्ता केला होता, आणि प्रत्येक घरी आधी पुरणपोळी, मग मठ्ठा, आणि हात धुवायला उठलास की बेसिनपाशी हळूच — आमच्याकडे जरा लक्ष असू दे. खरं ना? हसतोयस म्हणजे खरं. तू आलास तेव्हा शर्ट ढगळ होता, आता बघ. आम्हाला दुसरं काही येतच नाही. शाळेच्या मास्तरांना वश करायचं ते जेवण घालून, बॉसला जेवण घालून, आणि आता फुटीच्या कोचला. माझ्याकडे तू तीनदा जेवलास. साबुदाणा वडे, मसालेभात, आणि एकदा नुसतंच पिठलं, कारण तू म्हणालास आजी करायची. मी बेसिनपाशी काही म्हटलं? शब्दाने नाही. मी मनात म्हटलं, शोभा, तू राखून ठेव. लागेल तेव्हा काढ. — हे मी तुला सांगायला नको होतं, पण आता सांगितलं.

बरं, तू केलंस पण. कोणी तोंडावर म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते. युनिव्हर्सिटीतून दोन आयरिश पोरं आणलीस, तो कॅनडाचा दाढीवाला आणलास, आमच्या देसी पोरांना पहाटे पळवलंस, आणि तेराचे तेवीस केलेस. चार मॅच जिंकलो. आता लोक खूश असतील असं वाटलं ना तुला? छे. आता म्हणतात, पंधराच पॉइंटनी का जिंकलो, तीसने जिंकता आलं असतं. हरत होतो तेव्हा कोणी तक्रार करत नव्हतं, कारण हरायला सगळे मिळून असायचो. आता तेवीस झाले, म्हणजे पाच जणांना बाहेर बसावं लागणार. बगळ्यांच्या इतिहासात कोणाला बाहेर बसवायची वेळच आली नव्हती रे. ती तुझ्यामुळे आली. आणि पहिला नंबर माझ्या पोराचा.

मला खेळ कळतो हं. सहा वर्षं मेलबर्नला होतो आम्ही, माझ्या नवऱ्याचा, मनोहरचा प्रोजेक्ट होता, ईशान तिथल्या शाळेत शिकला हे. त्यामुळे तो कसा खेळतो ते तू मला सांगू नकोस. पुढे खेळतो आणि अख्ख्या सीझनमध्ये एक गोल नाही. सगळे त्या बाजूच्या फटीतून. सोळा वेळा मारलं, सोळा वेळा एक-एक पॉइंट. पण मी म्हणते, मारलंस आणि चुकलंस तरी एक पॉइंट देतात, असा दयाळू खेळ जगात दुसरा आहे का? मग ज्याने हा खेळ काढला त्याला चुकणाऱ्याची दया आली, आणि तुला येऊ नये? बघ, चिडून बोलत नाहीये मी. बोलतेय थोडी, पण तुझ्यावर नाही.

कारण आता सांगते ते असं आहे — आणि हे नीनाला कळता कामा नये, तिच्या खुर्चीत बसलायस म्हणून अजून हळू बोलते. ईशान डाउनटाउनला राहतो, त्या इशिताबरोबर, चांगली मुलगी आहे, मला काही प्रॉब्लेम नाही. दर शनिवारी तो माझ्याकडे येतो, त्याची गाडी माझ्या दारात लावतो आणि माझी गाडी चालवत मला इथे आणतो. बावीस मिनिटं जायला, बावीस यायला. का, तर मी त्याला सांगितलंय की मला हायवेवर भीती वाटते. त्या दोन-सत्तर नंबरच्या रस्त्यावर ट्रक असतात, मला चक्कर येते. काही चक्कर येत नाही रे मला. मार्चमध्ये मी एकटी क्लीव्हलंडला जाऊन आले मैत्रिणीकडे, बर्फ पडत होता, दोन ट्रकना ओव्हरटेक केलं. पण भीती वाटते म्हटलं की तो येतो. आणि गाडीत बोलतो. घरी बोलत नाही, घरी फोन बघतो. गाडी चालवताना फोन बघता येत नाही ना.

मनोहर? तो पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला. दोन वर्षांचा प्रोजेक्ट होता, थोडा लांबला. सहावं वर्ष चालू आहे. ट्रेनने जातो ऑफिसला, त्याला तिकडे आवडतं. दर रविवारी फोन करतो — म्हणजे करायचा. आता मेसेज करतो. सूर्यफूल आणि खाली गुड मॉर्निंग, तेही माझ्या दुपारी येतं कारण तिकडे तेव्हा सकाळ. दिवाळीला येईन म्हणाला होता. कुठल्या दिवाळीला ते मी विचारलं नाही. तर असं आहे सगळं. बाकीचे तुझ्याकडून कप मागतात, मी फक्त बावीस आणि बावीस चव्वेचाळीस मिनिटं मागतेय. नॅशनल्सला नको नेऊस त्याला. पण इथे शनिवारी खेळव, पाच मिनिटं उतरव, शेवटी उतरव, आपण जिंकत असू तेव्हा उतरव. कोणाचं काय बिघडणार आहे?

मान का हलवतोयस? नाही म्हणजे काय नाही?

तू बसवत नाहीयेस त्याला. बरं. मग टोपी का काढलीस?

तो म्हणाला? तो स्वतः म्हणाला, मला खेळायचं नाही? कधी — मेमध्ये. मेमध्ये म्हणजे पहिल्याच मॅचनंतर. आणि तुला म्हणाला, आईला तूच सांग. वा. का रे, तुलाच का? तू कोच म्हणून. छान. उल्हासला नॅशनल्स हव्यात, नीनाला डावा पाय, त्या भाचीवाल्या बाईला जावई हवाय, आणि माझ्या पोराला आईशी बोलायला माणूस हवाय. सगळं तूच करायचं. अपेक्षा ठेवायला चांगलाच शिकलाय आमच्याकडून. आणि तू मेपासून हे खिशात घेऊन फिरतोयस आणि माझ्याकडे पिठलं खातोयस.

मग सगळा उन्हाळा खेळला कशाला? सांग की. असा पायाकडे बघू नकोस, सांग.

काय म्हणाला? परत सांग. आई हायवेवर गाडी चालवत नाही. मी नाही आलो तर तिचा शनिवार जाईल. — असं म्हणाला. ह्याच शब्दांत?

थांब. तो निळा डबा दे इकडे, झाकण नीट बसलं नाहीये त्याचं.

मला वाईट वाटलं. हो, वाटलं, त्यात काय लपवायचंय. तो खेळत नाही ह्याचं नाही, खेळतो कसा ते बघितलंय मी. पण मला वाटत होतं मी त्याला गाडीत पकडून आणते, आणि तो मला आणत होता. सोळा वेळा फटीतून मारलं ते माझ्यासाठी. आणि मी इथे बसून टाळ्या वाजवत होते की अरे वा, पोराचा एक पॉइंट. गाडीतलं हसणंही ड्युटीच होतं की काय? नाही. ते नसणार. त्याचं खोटं हसणं मला ओळखता येतं, सेम बापासारखं आहे. तसा नाही हसला तो कधी गाडीत.

बरं, ऐक. संत्री त्या निळ्या डब्यात आहेत, कापून आणलीत, तिसरा क्वार्टर झाला की नीनाला वाटायला सांग. प्रत्येकाला दोन फोडी, तुझा तो दाढीवाला सहा उचलतो, त्याच्यावर लक्ष ठेव. डबा धुऊन परत आण, तुझ्याकडे माझे आधीचेच दोन आहेत. आणि आज ईशानला खेळव नाहीतर नको खेळवूस, ते तुझं तू बघ. कोच तू आहेस ना? मी आता काही मागत नाही. तीन जेवणं माफ.

नाही, रुसून जात नाहीये. उठ, खुर्ची जागेवर ठेव, नीना बघतेय. गाडी माझी आहे आणि दुसरी चावी पर्समध्ये असते माझ्या, कायम असते, त्याला माहीत नाही. त्याची गाडी माझ्या दारात आहे, म्हणजे संध्याकाळी न्यायला त्याला यावंच लागेल. येईल कोणाची तरी लिफ्ट घेऊन. तेव्हा सांगू दे त्याला स्वतःच्या तोंडाने, आणि मग मी सांगते माझं. तोपर्यंत कोणी मध्ये पडायचं नाही, तू तर नाहीच. मॅच संपली आणि त्याने विचारलं आई कुठे आहे, तर एवढंच म्हण की गेली. एकटीच गेली, हायवेने गेली म्हणून सांग. जा आता, शिट्टी वाजली.