गुडघे टेकून पाच

हसू नका, दोन महिने जिमला जाऊन मला गुडघे टेकून पाचच पुशअप्स जमतात. ट्रेनर म्हणते, सुरुवातीला एवढंच होतं. पप्पांना मात्र ते सोसेना. भोसरीच्या फाउंड्रीत तीस वर्षं ओतकामाचे साचे उचललेला माणूस.

"गुडघं टेकून? ह्याला व्यायाम म्हणत्यात? आमी दोन-दोन साचे उचलायचो!"

माझं डोकं सटकलं. "मग एक मारून दाखवा. गुडघे न टेकता."

पप्पा चटईवर पालथे झाले, अर्धे वर आले आणि धपकन पडले. लागलं काही नाही, पण त्यांना उठताच येईना. मी काखेत हात घालून ओढलं, तर हललेसुद्धा नाहीत. आई पहिल्या शिफ्टवरून यायला अजून तास होता.

"शेजारच्या काकांना बोलावू?"

"नको." मग चटईत तोंड खुपसूनच पप्पांनी विचारलं, "मला एकटीनं उचलायची ताकद तुला यायला किती दिस लागतील?"

खोटं बोलवेना. "वर्ष तरी लागेल, पप्पा."

"मग एक दिस चुकवू नको. वर्षभरानं माझी गत ह्याच्यापेक्षा वाईट असणार."