होडीपासून तिसरं घर

सकाळपासून तुम्ही सर्व्हरवरच्या पाथच्या नावाने बोटं मोडताय, म्हणून आठवलं. नव्वदच्या दशकात मी बोईसरला एका केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. मुंबईहून एक महाविद्वान सल्लागार यायचे. त्यांच्या प्रोग्रामात तपासणी-रिपोर्टचा पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा मुळापासूनचा पत्ता, नव्हताच. आहात त्या फोल्डरमधून एक पायरी वर जा आणि रिपोर्ट शोधा, एवढंच. त्यांनी स्वतःच्या फोल्डरमधून चालवला की रिपोर्ट हजर. स्टोअरमधल्या जनार्दनने त्याच्या फोल्डरमधून चालवला की 'फाइल सापडत नाही'. रिपोर्टशिवाय माल सुटत नव्हता. गेटवर तीन ट्रक उभे, आणि मॅनेजरच्या शिव्या जनार्दनला.

सल्लागार आले, स्वतःच्या जागेवर बसले, रिपोर्ट काढून दाखवला. "मी चालवला की बरोबर चालतो. माणसांना शिकवा जरा." बॅग उचलताना त्यांना आठवलं, जनार्दन जवळच्या दांडी गावचा, मच्छीमाराच्या घरातला.

"रविवारी येतो रे तुझ्याकडे, पापलेट खायला. घर कुठे तुझं?"

"सोपं हाय, साहेब. आमच्या होडीपासून सरळ वर या, तिसरं घर."

"अरे, मी बोईसर स्टेशनवरून येणार. होडी कुठे असते तुमची?"

"तिचा काय नेम नाय. आज हितं, उद्या तितं."

"मग मला घर सापडणार कसं?"

"ते मला नाय माहीत, साहेब," जनार्दन शांतपणे म्हणाला. "आमी तर होडीपासून रोज बरोबर पोचतो."

बॅग खाली ठेवून साहेब पूर्ण पाथ टाइप करायला बसले.