दुभाष्या येईपर्यंत

—नाही, तू बस, उठू नकोस, खिडकी मी लावते. दुभाष्या यायचाय अजून. ओनोरे त्याचं नाव, तुमच्याच किन्शासाचा, पण घड्याळ मात्र आमच्या बेटाचं घातलंय मेल्यानं. तोवर मी गप्प बसायचं म्हणे. कोण म्हणतं? फेमके म्हणते. हॉलंडहून आलीय ती, आम्हाला शिकवायला — आश्रय मागायला आलेल्यांसमोर कसं बसायचं, कसं ऐकायचं. मला ऐकायला शिकवणार, स्तमातियाला, जिच्या तोंडाला नवऱ्यालाही कुलूप घालता आलं नाही. तो बिचारा गेला तो शांतता मिळावी म्हणूनच, असं आमची गल्ली म्हणते. काल फेमकेनं आमच्याकडून नाटक करून घेतलं. गेटवरचा मानोलिस झाला निर्वासित, मी झाले साहेब. विचारलं, कुठून आलात? तो जरा थबकला, तर मीच सांगून टाकलं — दमलाय बिचारा, कुठून म्हणजे काय, युद्धातून. फेमकेनं कपाळाला हात लावला. उत्तर त्याचं आहे, स्तमातिया, तुमचं नाही. बरं बाई. धीर द्यायचा नाही, वचन द्यायचं नाही, खायला द्यायचं नाही — घे, हे कुलूरी घे, तिळाचं आहे, ताजं आहे — आणि आज ती मागे बसून बघणार, मी पास की नापास. नापास झाले तर परत ब्लँकेटं वाटायला. वाटीन, त्यात काय. नाही, खोटं कशाला बोलू, तुला कुठे ग्रीक कळतंय — मला ही खुर्ची हवीय. इथे निदान कोणीतरी माझ्याशी बोलतं. घरी आहे कोण? लेक श्टुटगार्टला, फोनवर नुसतं 'हो आई, ठेवतो आई'.

तुझं तरी सोपं आहे. काल नोंदणीला सांगितलंस, ग्रीसमध्ये आयुष्यात पहिल्यांदाच आलेय. बस, तेच आज सांगायचं. इथे एक खोटं सापडलं की खरंही पाण्यात जातं — मार खरा, तुरुंग खरा, तरी जा परत. अगं, ही मांडीवरची पोर जागी झाली. प्लामेदी ना नाव तुझं? काय डोळे, काय गाल, देवमातेची शपथ, इतकी देखणी पोर बेटावर नाही दुसरी — आणि बघ, आता पुढचं करायची बंदी. कौतुक केलं की तीनदा फ्तू फ्तू फ्तू करायचं, नाहीतर दृष्ट लागते, हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण कोणीतरी तक्रार केली, कर्मचारी लेकरांवर थुंकतात म्हणून. फेमकेनं अख्खी सकाळ त्यावर घालवली. तेव्हा आता कौतुक कोरडंच—

काय केलंस?

आत्ता, पोरीच्या कपाळापाशी. फ्तू फ्तू फ्तू. अगदी आमच्या म्हाताऱ्या करतात तसं, ओठ ओले न करता. म्हणजे मी बोलत होते ते तुला… सगळं? नवऱ्याचंसुद्धा? हसू नकोस. कुठे होतीस, अथेन्सला? कुठल्या म्हातारीचं हगणंमुतणं काढत होतीस, कागदपत्रांशिवाय? नको, सांगू नकोस, मी विचारलंच नाही. रडू तर अजिबात नकोस. मलाच भीती वाटतेय, बाई, माझ्या पोटात काही राहत नाही हे बोकडांनाही ठाऊक आहे. आता कालचंच सांग म्हणू, की खरं सांग म्हणू? खरं सांगितलंस तर म्हणतील, काल खोटं का बोललीस. कालचंच सांगितलंस आणि पोरीला कोणी गोड म्हटलं, तर? एरवी मी दोन्ही उत्तरं तुझ्यातर्फे देऊन मोकळी झाले असते.

आले दोघं. डोळे पूस. माझ्याकडे बघू नकोस, ओनोरेकडे बघ.

या फेमके, बसा. ओनोरे, ये बाबा. हिला विचार, ग्रीसमध्ये याआधी कधी राहिलीय का. विचार.

मी थांबते.