कॅपच्या आतला उंचवटा

वहिनी: कॉम्प्युटर बंद नाही हो पडला, भाऊजी. बंद पडला असता तर कळलं तरी असतं. निळा झाला, इंग्रजीत काहीतरी पुटपुटला आणि आपला आपणच पुन्हा सुरू झाला. जसं काही घडलंच नाही.

दीर: असं कितीदा झालं?

वहिनी: सकाळपासून मोजणं सोडून दिलंय.

दीर: आणि मला आत्ता सांगतेस?

वहिनी: सुट्टीचा दिवस. तुम्ही घोरत होता. म्हटलं, एक तरी यंत्र घरात नीट चालू आहे, त्याला कशाला बंद करा.

दीर: सरक जरा. बाजूची काच काढतो. हं... धूळ नाही. पंखे फिरतायत. प्रोसेसर थंडगार आहे. वीज गेली होती का मधे?

वहिनी: नाही. दिवे लागलेले होते, फ्रिज चालू होता. फक्त हाच.

दीर: मग तुझं ते दातांचं सॉफ्टवेअर असेल. जड आहे ते.

वहिनी: जड आहे, पण तेच वापरतेय मी पहिल्यापासून. कधी रुसलं नव्हतं. बदललं असेल तर एवढंच, तुम्ही मेमरीची ती दुसरी पट्टी बसवलीत.

दीर: वहिनी, रॅमला नावं ठेवू नकोस हं. एकच पट्टी होती तेव्हा एका जबड्याचा स्कॅन उघडेपर्यंत तुझी भाजी चिरून व्हायची.

वहिनी: व्हायची. आणि भाजी चिरून आल्यावर स्कॅन जागेवर असायचा.

दीर: नुसती पट्टी नाही बसवली मी. स्पीडही वाढवला. जुनी पट्टी बत्तीसशेची, नवी छत्तीसशेची. दोन्ही छत्तीसशेवर पळवल्यात. एवढ्या स्वस्तातल्या मदरबोर्डवर! आमच्या कॉम्प्युटरवाल्या ग्रुपवर टाकलं तर लोकांना खरंच वाटेना. या बोर्डच्या यादीत माझा आकडा सगळ्यात वर आहे.

वहिनी: म्हणजे जुन्या पट्टीला कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा जास्त पळवलंय.

दीर: कंपन्या हात राखूनच सांगतात गं.

वहिनी: बसवल्यावर तपासलं होतंत?

दीर: तपासलं की. सुरू झाला, गेम चालला. चाचणीसुद्धा लावली होती थोडा वेळ.

वहिनी: थोडा म्हणजे?

दीर: चहा होईपर्यंत.

वहिनी: तुमचा चहा की आईंचा? आईंचा असेल तर माझी तक्रार नाही. तो तासभर उकळतो.

दीर: ...माझा.

वहिनी: आणि तेव्हा थंडीचे दिवस होते. आत्ता या खोलीत बसवत नाही.

दीर: बरं, बरं. नीट चाचणी लावतो, मग तर झालं? पण तोवर तुला काम करता येणार नाही.

वहिनी: लावा. फक्त संध्याकाळच्या आत मला तो परत हवा. लॅबवाले सर संध्याकाळी कोरायची मशीन लावतात. त्याआधी दातावरच्या एका कॅपची फाइल पाठवायची आहे.

दीर: उद्या पाठवली तर?

वहिनी: उद्या चालणार नाही. पुढचा दात आहे. गृहस्थ ट्रम्पेट वाजवतात. परवा त्यांचा कार्यक्रम आहे आणि दात नाही, तर फुंकलं की नुसती हवा जाते. आधी एक कॅप पाठवली होती. ती बसली नाही.

दीर: का बरं?

वहिनी: माझी चूक. तुम्ही तुमचं बघा.

दीर: लावली. हे बघ, वरची पट्टी पुढे सरकत जाईल. काही चुकलं तर खाली लाल... अरे.

वहिनी: आलं?

दीर: एक आलं. थांब, एखादं येतं कधीकधी... दोन. बाप रे. हे तर धडाधड यायला लागलं.

वहिनी: नवी पट्टी खराब निघाली?

दीर: असं लगेच नाही सांगता येत. एकेक काढून बघावं लागेल. आधी नवी काढतो, जुनी एकटी छत्तीसशेवर. मग उलट. जरा तो टेबललॅम्प इकडे धर.

(चाचण्या एकामागून एक चालत राहतात. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली सरकतं.)

दीर: विचित्रच आहे. जुनी एकटी, छत्तीसशेवर, एकही चूक नाही. नवी एकटी, तीही स्वच्छ. खाचा बदलून पाहिल्या, तरी तेच. दोघी एकत्र आल्या की गोंधळ.

वहिनी: जावाजावा आहेत वाटतं.

दीर: हसू नकोस, जवळपास तसंच आहे. पट्ट्या दोन्ही चांगल्या आहेत. पण प्रोसेसरचा जो भाग रॅमशी बोलतो, त्याला एका वेळी दोघींशी बोलावं लागतं. त्यात बोर्ड स्वस्तातलं. एवढ्या वेगात दोघींचं बोलणं नीट पोचवणं त्याच्याच्याने होत नाही.

वहिनी: भाऊजी, एक विचारू? ती लाल ओळ आली म्हणजे नेमकं काय झालं?

दीर: चाचणी रॅममध्ये काहीतरी लिहिते. मग तेच वाचून बघते. जसं लिहिलं तसं मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर लाल.

वहिनी: ठेवायला दिलं एक, परत मिळालं दुसरं.

दीर: बरोब्बर.

वहिनी: मी काम करत असते तेव्हा ही लाल ओळ दिसते?

दीर: नाही. तेव्हा कोण तपासतंय? फारच महत्त्वाच्या जागी चूक झाली तर तो निळा होतो आणि पुन्हा सुरू होतो. एरवी...

वहिनी: एरवी?

दीर: एरवी चुकीचं तेच बरोबर समजून पुढे जातो.

वहिनी: आत्ता आत एकच पट्टी आहे ना? म्हणजे आत्ता तो खरं बोलतोय?

दीर: हो. पण काय झालं? चेहरा का असा झाला तुझा?

वहिनी: उठा. मला बसू द्या. ही बघा, त्या ट्रम्पेटवाल्यांची आधीची कॅप. जी मी पाठवली ती.

दीर: छान दिसतेय की. दातासारखा दात.

वहिनी: बाहेरून सगळ्याच छान दिसतात. आता आतून फिरवते. कॅप आतून, घासून उरलेल्या दाताच्या ठशासारखी हवी, टोपी डोक्यावर बसते तशी. इथे बघा. हा उंचवटा.

दीर: हा बारीकसा? तीळ असावा तेवढा?

वहिनी: तिळापेक्षाही लहान. पण तेवढ्यानेच कॅप वर तरंगली. डेंटिस्टनी घासून बसवायचा प्रयत्न केला, तर तडा गेला. सरांनी मला फोन करून विचारलं, तुम्ही आतून बघता की नाही? मी बघते हो. प्रत्येक कॅप आतून बघूनच सेव्ह करते. ही पण बघितली होती. पण फाइलमध्ये उंचवटा आहे म्हटल्यावर काय बोलणार? म्हटलं, दिसलं नसेल मला. डोळे तपासून आले.

दीर: डोळे? तू तर म्हणालीस पाय मोकळे करायला गेले होते.

वहिनी: घरात कशाला बोलायचं? तुमचे दादा आधीच म्हणतात, दिवसभर स्क्रीनसमोर बसतेस. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. तेव्हा तर जास्तच घाबरले. नजर चांगली असून दिसत नाही, म्हणजे मग मनच लागत नसणार कामात.

दीर: थांब, थांब. हा उंचवटा रॅमनेच केला असं आपण अजून म्हणू शकत नाही. सिद्ध व्हायला हवं.

वहिनी: होईल. सॉफ्टवेअर मधेमधे आपली एक प्रत स्वतःच काढून ठेवतं. शेवटच्या सेव्हच्या आधीची ही. आता दोन्ही एकावर एक ठेवते. जिथे सारख्या, तिथे हिरवं. फरक असेल तिथे लाल.

दीर: सगळी हिरवी आहे.

वहिनी: आतून फिरवू द्या.

दीर: ...तिथेच.

वहिनी: नेमका तिथेच. बाकी केसाइतकाही फरक नाही. मी त्या जागेला हात लावलेला नाही, भाऊजी. तिथे हात लावायचं काही कारणच नव्हतं.

दीर: वहिनी, मी...

वहिनी: नंतर. आधी हा कामाला लागेल असं करा.

दीर: करतो. एक मार्ग आहे. व्होल्टेज किंचित वाढवतो, आणि दोघींना उत्तर द्यायला थोडी जास्त सवड देतो. छत्तीसशे टिकेलसुद्धा. मला फक्त एक...

वहिनी: कशासाठी?

दीर: कशासाठी म्हणजे? स्पीडसाठी.

वहिनी: तो मला हवाय की तुमच्या ग्रुपला?

दीर: एकदाच बघतो. नाही जमलं तर सोडतो. शप्पथ.

वहिनी: एकदाच. तोवर मी आईंना चहा देऊन येते.

दीर: ये ना, बघ! आत्तापर्यंत लाल ओळींचा पाऊस होता, आता फक्त दोन. एवढ्या वेळात दोनच!

वहिनी: कोणाच्या दातात?

दीर: काय?

वहिनी: दोन चुका म्हणता ना. कोणाच्या दातात गेल्या त्या?

दीर: चाचणी थांबवतो.

वहिनी: रागावून नाही विचारत. मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. म्हणून विचारलं.

दीर: बत्तीसशेवर आणतो. दोन्ही पट्ट्या, व्होल्टेज कंपनीने सांगितलेलं तेवढंच. बायोसच्या सेटिंगमध्ये जे जे मी हाताने बदललंय ते सगळं पुसून पहिल्यापासून.

वहिनी: मग भाजी चिरायला लागेल का पुन्हा?

दीर: नाही गं. वेळ जागा कमी पडल्यामुळे लागत होता, वेगामुळे नाही. दुसरी पट्टी राहतेच आहे आत. छत्तीसशे आणि बत्तीसशेतला फरक तुला कळणारही नाही. खरं सांगायचं तर मलाही आकडा बघूनच कळायचा.

वहिनी: चाचणी पूर्ण होऊ द्या या वेळी. चहा कितीही वेळा होऊ दे.

दीर: होऊ देतो. तोवर ग्रुपवरचा तो आकडा काढून टाकतो. काढून नको, खाली लिहितो. हे सेटिंग वापरू नका, फायली बिघडतात. माझं बघून दोघातिघांनी तसंच केलंय.

वहिनी: लिहा. आणि मी सरांना फोन लावते.

दीर: आत्ताच? कॅप पाठवून झाल्यावर सांग ना. नाहीतर न सांगितलं तरी... त्यांनी ती एक चूक धरून सोडून दिलीय की.

वहिनी: ती एकच कशावरून? पट्टी बसवल्यापासून मी किती कॅप पाठवल्यात! काही लोकांच्या तोंडात गेल्यात, काही अजून कोरायच्या आहेत. स्पीकरवर टाकते. तुम्ही बोलू नका मधे. हॅलो सर, मी बोलतेय.

लॅबवाले: बोला. पुढचा दात झाला?

वहिनी: संध्याकाळच्या आत देते. त्याआधी दुसरं सांगायचं होतं. मागच्या कॅपमधला उंचवटा का आला ते सापडलं. माझ्या कॉम्प्युटरची मेमरी चुका करत होती. आधीची प्रत ताडून पाहिली, त्यात उंचवटा नाही.

लॅबवाले: अहो, त्या दिवशी तर म्हणालात चूक माझी.

वहिनी: त्या दिवशी तसंच वाटलं.

लॅबवाले: आणि आता कॉम्प्युटरची.

वहिनी: कॉम्प्युटर माझा आहे, सर. तेव्हा ती माझ्याकडेच राहू द्या.

दीर: सर, नमस्कार, मी त्यांचा दीर. ती पट्टी मी बसवली होती, मी न तपासता...

वहिनी: भाऊजी.

दीर: गप्प बसतो.

वहिनी: सर, ऐका. माझ्या ज्या फायली अजून कोरल्या नसतील त्या सगळ्या थांबवा. मी प्रत्येक आधीच्या प्रतीशी ताडून पाहते आणि नव्याने पाठवते. ज्या बसवून झाल्यात त्याही तपासते. कुठे फरक निघाला तर डेंटिस्टना कळवावं लागेल.

लॅबवाले: डेंटिस्टना मी काय सांगू? मेमरी बिघडली होती?

वहिनी: हो. तसंच सांगा.

लॅबवाले: हं. कोरायच्या राहिलेल्या तुमच्या चार आहेत. बाजूला काढतो. आजचा अजून यायचाय. तो तरी नक्की ना?

वहिनी: चाचणी संपल्याशिवाय हात लावणार नाही.

लॅबवाले: मशीन मी थोडी उशिरा लावतो. आणि डोळे दाखवणार होतात ना?

वहिनी: दाखवले. चांगले आहेत.

लॅबवाले: बरं झालं. मी दुसरं कोणीतरी बघायला लागलो होतो. आता फोन करून नको म्हणतो. ठेवतो.

दीर: दुसरं कोणीतरी म्हणजे? तुझ्या जागी?

वहिनी: मग काय माझ्या जोडीला?

दीर: तुला माहीत होतं?

वहिनी: कामं कमी यायला लागली की कळतं.

दीर: मला एकदा तरी बोलायचंस, वहिनी. पट्टी बसवल्यापासून बिघडतंय एवढं जरी म्हणाली असतीस.

वहिनी: कसं म्हणणार? मला कुठे माहीत होतं? मी माझाच हात तपासत होते. आणि तुम्ही किती हौसेने बसवून दिली होती. चाचणीचं काय झालं, बघा.

दीर: पूर्ण झाली. एक फेरी संपली, मी दुसरी पण लावली, तीही संपली. लाल काही नाही. शून्य.

वहिनी: मग उठा आता तिथून.

दीर: पंखा इकडे लावतो. तुला पाणी देऊ?

वहिनी: राहू दे. बसायचं तर बसा, पण खुर्ची हलवू नका.

दीर: बसतो. खरं सांगू? तू यावर करतेस काय ते मी कधी बघितलंच नाही. आकडेच बघत बसलो. ही पांढरी रेघ कसली ओढतेयस?

वहिनी: कड. हिरडीला लागून घ्यावी लागते, हळूहळू. सगळ्यात जास्त वेळ हिलाच जातो.

दीर: कशाची कड?

वहिनी: इथपर्यंत दात त्यांचा. इथून पुढे माझा.