इंजिन लहान करून द्या

लेथच्या दुकानात पंपाचं हेड घेऊन बसलेल्या मास्तरांना वाटलं होतं, आपला नंबर लवकर लागेल. पण पुढे एक सासरे आणि त्यांची सून होती, आणि दोघांच्या मध्ये टॅक्सीचं जुनं इंजिन. मिस्त्री ते न्याहाळत होता.

“काका, लोक इंजिन मोठं करायला येतात. तुम्ही लहान करायला आलात?”

“मी नाही, ही आलीय. हिलाच विचारा.”

“वेगाची शर्यत आहे, मिस्त्री. मैदानात एकेकट्यानं सरळ सुटायचं. इंजिनाच्या मापाप्रमाणे गट असतात. आमचं हजार सीसीच्या जरासं वर जातं, म्हणून मोठ्यांत टाकतात. सिलिंडरच्या आत जाड स्लीव्ह घालून भोक अरुंद करा, लहान पिस्टन बसवा, की आलं हजाराच्या आत. मोठ्यांचं शेपूट कशाला व्हायचं?”

“ऐकलंत? ज्याच्यावर माझा संसार चालला, ते म्हणे शेपूट! नवीन इंजिन घे म्हटलं, तर तेही नको.”

“बाबा, लग्न होऊन आले तेव्हापासून याचा आवाज ऐकतेय. याचं कुठे दुखतंय ते मला लगेच कळतं.”

“आणि फुटलं तर?”

“तुकडे गोळा करून घरी आणेन. पण पळवणार.”

“बघा! ऐकते का कुणाचं?”

“ताई, चालवणार कोण? तुमचे मिस्टर?”

“मीच.”

“मग जरा बेतानं. हळू चालवा.”

सासरे ताडकन उठले.

“अहो मिस्त्री, जन्मभर टॅक्सी चालवली आणि मागच्या सीटवरून हेच ऐकलं, ‘हळू चालवा, हळू चालवा.’ हळूच चालवायचं असतं तर मी काय मेलो होतो? घाला ती स्लीव्ह!”